साडूंचा इंग्रज सरदार

माझ्या साडूंइतका संतापजनक माणूस या बेटावर दुसरा झाला नाही. त्यांना जाऊन दोन महिने झाले, तरी माझा राग उतरलेला नाही. जहाजांवर चीफ इंजिनीअर म्हणून तीस वर्षं काढून ते क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये स्थिरावले. बाकीचे निवृत्त लोक योगासनं करतात. यांनी मध्ययुगातल्या एका इंग्रज सरदाराचं मराठीत चरित्र लिहायला घेतलं. कारण विचारलं तर म्हणाले, "फ्रान्समधला किल्ला वेढ्यात वर्षभर धरून ठेवला त्यानं, आणि राजानं पोतंभर धान्य पाठवलं नाही. ऑफिसं सगळी सारखीच." राजाला ते ‘ऑफिस’च म्हणत. किल्ल्यातली तोफ फुटली की त्यांना स्पेअर पार्ट न पाठवणारे स्वतःचे वरिष्ठ आठवत, आणि शिव्या मात्र राजाला बसत. एकदा हॉकर सेंटरमध्ये त्यांनी माझ्या डोशाचा किल्ला केला आणि चटणीच्या वाट्यांनी त्याला वेढा घातला. डोसा गार झाला. शेवटी त्यांची मुलगी इथल्या इंग्रजीत म्हणाली, "पा, लेट हिम ईट लाह."

लिहिण्याची पद्धत इंजिनरूमच्या नोंदवहीची: हवा, बिघाड, दुरुस्ती. सरदाराचं लग्न त्यांनी ‘हवा ढगाळ, काम सुरळीत’ एवढ्यावर आटपलं होतं. ते माणसाच्या भाषेत आणायचं काम माझं. मी खोडायचो, ते पुन्हा लिहायचे.

शेवटच्या प्रकरणाशी मात्र गाडी अडली. सरदार त्याच किल्ल्यात तापानं मरतो, हे सगळ्या ग्रंथांत होतं. साडू ते लिहीनात. त्याच सुमारास त्यांच्या हृदयाच्या नळ्या तुंबल्याचं निघालं. डॉक्टर म्हणाले, लगेच ऑपरेशन करा. हे मला म्हणाले, "चालू प्रवासात इंजिन उघडत नाहीत, मास्तर. पुस्तक संपलं की पुढच्या पोर्टला बघू." चार महिने हेच. मेव्हणी रडून थकली, आणि हे सरदाराला रसद पोचण्याच्या वाटा नकाशावर शोधत बसले.

मी सहसा आवाज चढवत नाही. त्या रविवारी चढवला. "तो सहाशे वर्षांपूर्वी मेलाय. तुम्ही लिहिलंत काय, न लिहिलंत काय, तो मेलेलाच आहे. तुम्ही अजून आहात." ते पुन्हा नकाशाकडे वळले. मी चहा न घेता सेरंगूनला घरी परतलो आणि फोन केला नाही. त्यांनीही केला नाही. तेराव्या दिवशी मेव्हणीचा आला, ते गेल्याचा.

दिवसकार्य झाल्यावर तिनं वही माझ्या हातात दिली. शेवटचं प्रकरण सरदाराच्या मरणासकट पुरं झालेलं होतं, खाली तारीख आमच्या भांडणाच्या दुसऱ्याच दिवसाची. आत हॉस्पिटलचं पत्र होतं. भरती व्हायची तारीख ते गेले त्याच्या तीन दिवसांनंतरची. मेव्हणीला म्हणाले होते, मास्तरला आत्ता कळवू नकोस, ऑपरेशन झाल्यावर मीच सांगेन, तोंड बघण्यासारखं होईल त्याचं. हा विनोद करायला त्यांना आणखी एक आठवडा मिळाला नाही, आणि मी माझे तेरा दिवस फुगून घालवले. राग कुणाचा करायचा हे मला अजून ठरवता येत नाही.

आता प्रुफं तपासतो आहे. तिसऱ्या प्रकरणात बाण लागून मेलेला सरदाराचा घोडा शेवटच्या प्रकरणात धन्याच्या खिडकीखाली ठणठणीत उभा आहे. काल ते वाचून सवयीनं फोन उचलला, आणि खाली ठेवला. पेन्सिलही खाली ठेवली. घोडा तिथेच उभा आहे.