तळ्याकाठचं हिरवं गवत

भात कापून झालं की घाटावरची एक धनगरीण आणि तिचा नवरा मेंढ्या घेऊन आमच्या गावात उतरायचे. दिवसा मेंढ्या गुरचरणात चरायच्या, रात्री पाळीपाळीनं एकेकाच्या शेतात बसायच्या. लेंडीखत शेताला, त्याबदली भात त्यांना.

त्या वर्षी गुरचरणात प्लॉटचे दगड रोवले, वर मुरूम पडला. चरायला काही उरलं नाही. आमच्या तळ्याकाठी मात्र गवत हिरवंगार. मी तिला म्हटलं, तिथं घाल मेंढ्या. ती हसली आणि कळप हाकत पार बेलपाड्याच्या डोंगराकडे गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. माझं डोकंच फिरलं. आपण आपणहून द्यायचं आणि हिनं नाक मुरडायचं? बांधावर गाठलंच तिला. "आमचा गवत तुमच्या मेंढ्यांना चालत नाय काय?"

ती गाभण मेंढ्यांकडे बघत राहिली. मग काठी फिरवून तिनं कळप तळ्याकडे वळवला. मला कोण आनंद! महिनाभर येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होते.

होळीच्या सुमारास मेंढ्यांच्या हनुवटीखाली पाण्याच्या पिशव्या लोंबायला लागल्या. दोन गाभडल्या, पोटातली कोकरं गेली, मग आणखी चार. काही मेल्याही. माझा जीव थाऱ्यावर राहीना. चुलीवर कालवण ठेवून मी कळपाकडे पळायचे, परत यायचे, पुन्हा पळायचे. शेवटी पनवेलला जाऊन जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आले.

त्यांनी एका मेलेल्या मेंढीचं यकृत चिरून दाखवलं. आत पानासारखे चपटे किडे. पाणथळ जागेतल्या गोगलगायींमुळे ते गवतावर येतात, जुने धनगर तिथं चारतच नाहीत, असं म्हणाले. उरलेल्यांना औषध पाजलं.

डॉक्टर गेल्यावर मी विचारलं, "तुला ठाव होता ना?" तिनं मान हलवली. "मग बोलली का नाय?"

मेंढीच्या तोंडाला लागलेलं औषध ती पदरानं पुसत होती. "ताई, तुमी मायेनं दिलं. न्हाई कसं म्हनायचं?"

पुढच्या वर्षी कापणी होताच मी तळ्याभोवती काट्यांचं कुंपण घातलं. हात सोलवटले. रोज रस्त्याकडे डोळे. येतील की नाही, कोण जाणे! आले. कळप निम्माच होता. ती कुंपणापाशी थांबली, आतल्या गवताकडे बघितलं आणि हळहळून म्हणाली, "येवढं गवत वाया गेलं की वो ताई तुमचं."

अशी चिडले मी तिच्यावर! आणि तिथंच बांधावर बसून रडले.