आरपार दिसणारी चौकट

मिरजंला डोळ्याचं आपरीशन झाल्यापास्नं मला लख्ख दिसतंय. म्हणून नातीनं मला कामाला धरलं. पगार न्हाई. तिच्या कंप्युटरम्होरं बसायचं आन काय दिसतंय ते सांगायचं.

ती माधवनगरात माज्याजवळ ऱ्हाती आन घरूनच काम करती. कंप्युटरवर चौकटी, बटनं दिसत्यात नव्हं, ती करायचं सामान तिची कंपनी बनीवती. तयार दारं-खिडक्या पुरवाव्यात तसं. दुसरी लोकं ती घिऊन आपापलं घर बांधत्यात. आता तिला चौकट आरपार करायची हुती. वरच्या चौकटीतनं मागचं दिसाय पायजे. दुपारी सायबाला दावायचं. न्हाई जमलं तर सोमवारपास्नं पुण्याला हापिसात येऊन बस, असं त्यो म्हणला हुता. ती गेली की घरात मी आन घड्याळ.

"आज्जे, मागं काय दिसतंय?"

"मेंढरं."

तिनं मुद्दाम मेंढरांचा फोटू लावल्याला. मी आटपाडीकडची, पोरपण मेंढरामागं गेलं.

तिनं चौकट हलीवली. "आता?"

"धुक्यात गेली."

आनी एकदा हलीवली. "आता?"

"आता न्हाईतच. चोरीला गेली जनू."

"आज्जे, धड सांग की गं."

"धडच सांगती. दर टायमाला वरचं जाड व्हतंय."

"आगं, चौकट हलली की कंप्युटर तिला परत रंग देतोय, पर रंग तर पातळच दिलाय मी." तिनं डोकं धरलं.

मला लग्नाचं पयलं वरीस आठवलं. मामंजींचा मलमलीचा पटका. दर आठवड्याला त्याला खळ द्यायचं काम माजं. आदीची खळ धुवून काढायची असती, हे मला कोण सांगणार. आन धुयाला पाणी तरी कुठलं, प्यायचंच लांबनं डोक्याव आणायचं. चवथ्या खेपंला पटका असा झाला, की जमिनीवर ठिवला तर उभाच ऱ्हायचा. मामंजी तसाच घालून जत्रंला गेलं. सासूबाईनी मला दोन दिस भाकरी दिली न्हाई. तेवढंच चावायचं वाचलं.

म्या नातीला इचारलं, "नवा रंग द्यायच्या आदी जुना काढतीस का?"

तिनं आत लिवल्यालं वर-खाली करून बघितलं. "न्हाई गं. तसाच वर चढतोय."

"मग मेंढरं कशी दिसत्याल?"

दर खेपंला आदी चौकट कोरी कर, असं तिनं कायतरी आत लिवलं. मग लय येळा हलीवली.

"हायती का?"

"हायती. एक लंगडतंय."

"फोटूतलं मेंढरू कसं लंगडंल?"

"पाय वर धरलाय, बघ तर."

दुपारी सायबानं तिकडनं सोता हलवून बघितलं. मेंढरं जाग्याव. "जमलंय," म्हणला, "ऱ्हा तिकडंच." तपासलं कुणी, म्हणून बी इचारलं. नात म्हणली, घरातलं एक माणूस हाय, लय खवट हाय.

फोन ठिवून ती माज्याकडं वळली. "आज्जे, आता बटनं आरपार करायची हायती. उद्या लवकर बस."

म्या म्हणलं, "डाळ निवडून झाल्याव बघू."