हरिकेन, मस्टँग आणि सौंसरची जंबेरी

पांढुर्णा आता जिल्ह्याचं ठिकाण झालंय. सौंसरची छोटी लाईनही गेली, तिथे आता मोठी गाडी धावते. त्यामुळे मी सांगतोय तो रस्ता तुम्हाला जसाच्या तसा मिळणार नाही. पण हिवाळ्यात नागपुरापर्यंत गेलात, तर पुढे एक दिवस या दोन गावांसाठी ठेवा. मी ऐंशीच्या दशकात गेलो होतो. व्याख्यान द्यायला.

त्या काळी मी गावोगावी दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांवर बोलत असे. सातारहून निघायचं, मिळेल त्या गाडीने जायचं, दोन तास बोलायचं. इंग्रजांचं स्पिटफायर सरस की जर्मनांचं मेसरश्मिट, यावर माणसं अशी भांडत की मला सोडून एकमेकांशीच बोलू लागत. पांढुर्ण्याच्या वाचनालयाचं आमंत्रण आलं, तेव्हा लांबचा पल्ला म्हणून मी नकार कळवणारच होतो. तेवढ्यात सौंसरहून एका निवृत्त मुख्याध्यापिकेचं, शांताबाईंचं, कार्ड आलं. सरळ, शाळेतल्या फळ्यावरच्यासारखं अक्षर. ‘माझा धाकटा भाऊ मधुकर तुमच्या विषयातला होता. ब्रह्मदेशात हरिकेन चालवायचा. दोन वर्षांपूर्वी वारला. त्याने एकही विमान पाडलं नाही. तुमच्या भाषणात अशा माणसाला जागा असते का?’

खरं सांगायचं तर नसायची. कोणाच्याच भाषणात नसते. लढाऊ वैमानिकांवरची पुस्तकं उघडा, पाडलेल्या विमानांच्या आकड्यांनी ती सुरू होतात आणि आकड्यांनीच संपतात. मी कार्ड खिशात घातलं आणि आरक्षण काढायला गेलो.

नागपूरला इतवारी स्टेशनावरून सौंसरची छोटी गाडी सुटायची. भाडं किरकोळ आणि वेग त्याहून किरकोळ. वळणावर आपल्याच गाडीचं इंजिन खिडकीतून दिसायचं. सावनेर गेलं तशी दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा सुरू झाल्या. लोधीखेड्याला टोपलीवाल्या बायका डब्याला भिडल्या. मी एकीला विचारलं, “गोड आहेत ना?”

“गोड नसतीन तं पैसे नका देऊ जी,” ती म्हणाली. मी एक सोललं, खाल्लं, आणि सवयीने दुसऱ्या टोपलीकडे नजर टाकली. ती उसळली, “काऊन? माह्या संत्र्यात काय वाईट हाये?”

‘काऊन’ म्हणजे ‘का’. या भागात गेलात तर हा शब्द पहिल्या तासात शिकाल, कारण तुमच्या प्रत्येक वाक्यावर कोणीतरी तो फेकतंच. मी तिची अर्धी टोपली घेतली.

सौंसरला शांताबाई स्टेशनावर आल्या होत्या. उंच, ताठ, पांढरं पातळ. सोबत त्यांचा भाचा, दुसऱ्या भावाचा मुलगा देवराव. मधुकररावांची बाग आता तो पाहत होता. देवरावाचं तोंड एकदा सुरू झालं की बंद व्हायचं नाही, आणि आपल्यासारखी बाग तालुक्यात नाही हे तो घर येईपर्यंत तीनदा बोलला.

जेवायला पाटवडीचा रस्सा, ज्वारीची भाकरी आणि जवसाची चटणी. रस्सा असा की डोळ्यांतून पाणी आणि तोंडातून वाहवा एकाच वेळी. खानावळ शोधत बसू नका; कोणी घरी बोलावलं तर जा.

दुपारी बागेत गेलो. थंडीत तिथे कलमं बांधायचं काम चालतं. जंबेरी म्हणजे एक काटेरी रानटी लिंबू. तिची रोपं आधी वाढवायची. मग त्यांच्या सालीला चीर पाडून संत्र्याच्या चांगल्या झाडाचा एक डोळा, म्हणजे कोवळा अंकुर, त्यात बसवायचा आणि पट्टीने बांधायचा. डोळा जगला की वरची जंबेरी छाटून टाकायची. वर संत्रं, खाली जंबेरीचा खुंट.

“मग जंबेरीचं फळ?” मी विचारलं.

“तिले फळ धरूच देत नाही आम्ही,” देवराव म्हणाला. “पण तिच्याबिगर संत्र्याची काय बिशाद! दुसऱ्या खुंटावर बांधा, थेच संत्रं, पण झाड येगळंच वागते. मधुकाकानंच शिकवलं मले हे. विमान सोडून आले आन् जंबेरी लावत बसले.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “आत्यानं सांगतलं का तुमाले, भोपळा पायलट?”

शांताबाई बांधावर बसल्या होत्या. त्यांनीच सांगितलं. युद्ध संपून काही वर्षं झाल्यावर पांढुर्ण्याच्या वाचनालयात पंधरा ऑगस्टला मधुकररावांचा सत्कार ठेवला होता. मंचावर कापसाच्या एका तरुण व्यापाऱ्याने कौतुकाने, मोठ्या आवाजात विचारलं, “मधुकरराव, किती पाडले?” ते म्हणाले, “एकही नाही.” पोरं हसली. त्या दिवसापासून बाजारात, बसमध्ये, लग्नात ‘भोपळा पायलट’ हे नाव चिकटलं. ते कोणावर चिडले नाहीत. पण पुन्हा कुठल्या मंचावर चढले नाहीत, आणि विमानाचा विषय घरातही काढला नाही.

“तुम्हालाही कधी काही सांगितलं नाही?” मी विचारलं.

“एकदाच. म्हणाला, ताई, आम्ही दोघं दोघं जायचो. पुढचा खाली जमीन बघायचा, फोटो काढायचा. मी मागचा. मी फक्त आभाळ बघायचो. माझा पुढचा माणूस दर वेळेला परत आला.” शांताबाईंनी पदर सारखा केला. “उद्या त्याच मंचावर तुमचं भाषण आहे. तो व्यापारी आता शेठजी झालाय, वाचनालयाचा अध्यक्ष आहे. मला कोणाची माफी नको. त्या गावाने एकदा त्याचं नाव नीट घ्यावं, एवढंच.”

मी हजारो लोकांसमोर बोललेला माणूस. त्या रात्री मात्र पहिल्यांदा भाषण देणाऱ्या पोरासारखा वाक्यं जुळवत पडलो होतो.

सकाळी तर्री-पोहे खाऊन आम्ही तिघांनी पांढुर्ण्याची एसटी पकडली. वाटेत जामसांवलीला उतरलो. पिंपळाखाली पहुडलेला मारुती आहे. देवळात उभा, हात जोडलेला किंवा पर्वत उचललेला मारुती आपण पाहतो; हा निवांत आडवा आहे. शांताबाईंनी नारळ वाहिला. देवराव म्हणाला, “मारुती उडणाऱ्याइचा देव. आज व्याख्यान पडू देणार नाही.” पुढची बस तासाभराने मिळते, तेवढा वेळ धरून चला.

संध्याकाळी वाचनालयाचं अंगण भरलं होतं. पुढे सतरंजीवर शिक्षक, वकील, कापसाचे दलाल, मागे शेतकरी. शेठजी अध्यक्षस्थानी: गोल चेहरा, दिलखुलास हसणं, टेबलावर माझ्यासाठी शाल आणि श्रीफळ.

मी स्पिटफायरपासून सुरुवात केली. मार्क पाच, म्हणजे त्याची पाचवी आवृत्ती, चांगलं विमान, पण जर्मनांचं फोके-वुल्फ समोर आलं आणि ते एकदम म्हातारं दिसू लागलं. इंग्रजांनी घाईघाईने त्याच सांगाड्यात नवं, उंचीवर दम न सोडणारं इंजिन बसवलं. तो मार्क नऊ. तात्पुरती सोय म्हणून केलेला आणि शेवटपर्यंत लढलेला. मग मस्टँग. अमेरिकेचं देखणं विमान, पण मूळच्या इंजिनाने उंचावर धाप लागायची. त्यात इंग्लंडचं मर्लिन इंजिन बसलं, जादा टाक्या लागल्या, आणि तेच विमान बॉम्बफेकी विमानांना सोबत करत थेट बर्लिनपर्यंत जाऊ लागलं.

मागून देवरावाचा आवाज आला, “मतलब डोळा अमेरिकेचा आन् खुंट इंग्लंडचा!”

सगळं अंगण हसलं, आणि कळलं सगळ्यांना. मार्क म्हणजे काय, आवृत्ती म्हणजे काय, हे समजावण्यात माझी इतर गावांत अर्धी रात्र जायची. इथे एका वाक्यात काम झालं. तो उपकार मी आजही मानतो. पुढच्या प्रत्येक व्याख्यानात मी ते वाक्य वापरलं आणि दर वेळी सौंसरचं नाव सांगून वापरलं.

मग हरिकेन. इंग्लंडवरच्या हल्ल्यात नाव झालं स्पिटफायरचं, पण शत्रूची विमानं जास्त पाडली हरिकेननेच. मागचा अर्धा भाग लाकडी पट्ट्यांचा आणि कापडाचा. गोळी आरपार जायची, आणि भोक ठिगळ लावून बुजवायचं.

शेठजी खुर्चीत पुढे सरकले. “कापडाचं विमान? मंग कापूस आपला असन!”

“नाही शेठजी. जवसाच्या वाखाचं कापड.”

“घ्या!” शेठजींनी कपाळावर हात मारला. “अन् आम्ही जवसाची चटणी खाऊन राहिलो!”

हसू ओसरल्यावर मी आवाज चढवला. म्हणालो, युरोपात नवी नवी स्पिटफायर उडत असताना ब्रह्मदेशच्या आघाडीवर आपल्या पोरांच्या हाती जुनी हरिकेन दिली गेली, आणि ज्या साम्राज्यासाठी ती लढत होती त्याने त्यांना रांगेत शेवटी उभं केलं. याचा मला राग आहे आणि तो मरेपर्यंत राहील. पण राग आला म्हणून हिशेब चुकवायचा नाही. जपान्यांच्या चपळ विमानाशी वळणावळणाची लढाई हरिकेनला झेपत नसे. तरी चिखलाच्या धावपट्टीवर ते रुंद पाय रोवून उतरायचं, झाडांच्या शेंड्यांवरून जायचं, मार खाऊन परत यायचं. ब्रह्मदेशात नेमकं तेच काम होतं.

“सगळं बराबर जी,” शेठजी म्हणाले. स्वर खवचट नव्हता. व्यापारी माणसाचा रोखठोक प्रश्न होता. “पण शेवटी पाडले किती, त्याच्यावरच भाव ठरते ना?”

शांताबाई पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

“शेठजी,” मी म्हणालो, “युद्धात एकच धुराचा लोट तिघांना दिसतो आणि तिघंही सांगतात, मीच पाडलं. इंग्रजांनी फुगवून सांगितलं, जर्मनांनी सांगितलं, जपान्यांनी सांगितलं. शत्रूचे कागद हाती आल्यावर आकडे खाली आले. पण एक काम असं होतं, ज्याचा आकडाच लिहीत नसत. टेहळणीला दोन हरिकेन जायची. पुढचा वैमानिक खाली बघायचा, कारण जंगलातली वाट आणि झाडाखाली लपवलेली तोफ त्यालाच शोधायची असायची. जो खाली बघतो त्याला पाठीमागचं काही दिसत नाही. त्याची पाठ मागच्याच्या हाती. आणि मागच्याला कामच असं, की शत्रू दिसला तर पुढच्याला सावध करून, फोटोंसकट घरी आणायचं. शिकारीच्या मागे गेला तर तो कामात चुकला. या तालुक्यातला एक माणूस ते काम करत होता. मधुकरराव. त्यांनी एकही विमान पाडलं नाही. त्यांचा पुढचा माणूस दर वेळेला परत आला.”

कोणी टाळी वाजवली नाही. मला वाटलं, हरलो.

मग मागून देवराव उभा राहिला. या वेळी त्याच्या आवाजात फुशारकी नव्हती. “जंबेरी,” तो म्हणाला. “काका जंबेरी होते.”

मागचे शेतकरी आधी बोलू लागले. “हाव ना बाप्पा.” “खरं हाये.” “जंबेरीचं फळ कोन मोजते?” ते शब्द सतरंजीवरून पुढे पुढे आले, वकिलांपर्यंत, दलालांपर्यंत, आणि शेवटी मंचावर. शेठजी उठले, माझी शाल आणि माझं श्रीफळ उचललं आणि मला म्हणाले, “पाहुणे, तुमाले उद्या संत्री देऊ. हे मधुकररावांचं हाये. आमच्याकडूनच राहून गेलं होतं.” पायऱ्या उतरून ते शांताबाईंसमोर उभे राहिले.

शांताबाईंनी शाल घेतली. नारळ परत त्यांच्याच हाती दिला. “हा त्याच्या नावानं फोडा शेठजी, आणि सगळ्यांना वाटा.”

मंचाच्या पायरीवर शेठजींनी नारळ फोडला आणि मोठ्यांदा म्हणाले, “मधुकररावांच्या नावानं!” एका नारळात तेवढ्या माणसांना किती येणार? नखाएवढा तुकडा. पण एकही माणूस तो घेतल्याशिवाय गेला नाही, आणि घेताना जो तो नाव घेत होता. शांताबाई शेवटपर्यंत दाराशी उभ्या होत्या, शाळा सुटताना बाई उभ्या राहतात तशा.

दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याहूनच मोठ्या लाईनची गाडी धरली. नरखेड, काटोल करत ती नागपूरला आणते. थंडीत डावी-उजवी कुठलीही खिडकी चांगली, दोन्हीकडे बागाच. शेठजींनी संत्र्यांची पेटी खरंच पाठवली होती. देवरावाने ओल्या पोत्यात गुंडाळलेलं एक कलम दिलं आणि बजावलं, “डोळा मातीच्या वर ठेवजा.” शांताबाई फलाटावर एवढंच म्हणाल्या, “त्याला जागा मिळाली.”

त्यानंतर मी खूप हिंडलो. मोठ्या शहरांत मोठे सत्कार झाले; त्या शाली कुठे आहेत, आठवत नाही. जी मला मिळालीच नाही, ती शाल मात्र लक्षात आहे. विमानांची तुलना करताना मी आजही वेग, उंची, तोफा सांगतो, आणि मग सांगतो की ज्याचा आकडा कोणी लिहिला नाही त्याचंही नाव घ्या. हे मला त्या अंगणाने दिलं.

कलम सातारला लावलं. डोळा मातीच्या वरच ठेवला. तरी दुसऱ्या उन्हाळ्यात संत्र्याची फांदी वाळली, आणि खालून जंबेरी फुटून वाढत गेली. आता ती भिंतीच्या वर गेलीय. फळं खडबडीत, आंबटढाण. उन्हाळ्यात येईल त्याला मी त्यांचं सरबत देतो. माळी दरवर्षी कुदळ घेऊन उभा राहतो. “साहेब, याला संत्रं कधी लागायचं नाही. काढून टाकू का?”

मी म्हणतो, “काऊन?”