बऱ्या लेकराची गोळी

माझ्या धाकट्या बहिणीला सारखी उन्हाळी लागायची. लघवीला जळजळ सुरू झाली की ती पोटाशी पाय घेऊन ओरडायची, आणि पाठोपाठ हुडहुडी भरून ताप चढायचा. उन्हाळी काय, सगळ्याच पोरांना लागते आणि धण्याच्या पाण्यानं उतरते. हिची मेली उतरायची आणि महिन्याभरात परत दारात हजर!

शेवटी वडील आम्हा सगळ्यांना घेऊन सोनईहून सर्व्हिस मोटारीनं नगरच्या दवाखान्यात गेले. लढाईचे दिवस, औषधांची मारामार. तरी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सल्फाच्या गोळ्या दिल्या. ताप उतरला तरी रोज झोपताना अर्धी गोळी द्यायची, वर भरपूर पाणी पाजायचं. पोर हसती-खेळती दिसली तरी चुकवायची नाही, नाहीतर दुखणं मूत्रपिंडात उतरेल, असं त्यांनी आईला बजावलं. आईनं मान डोलावली.

पण आमच्या आळीत विरजण किंवा औषध मागायला आलेल्याला कुणी रिकाम्या हातानं पाठवत नसे. बहीण अंगणात सागरगोटे खेळायला लागली आणि गोळ्यांची कीर्ती घरोघर गेली. कुणाच्या पोराला ताप, कुणाचा कान वाहतोय. आई पुडीतून गोळी काढून द्यायची. त्या गोळ्या बहिणीच्या आहेत म्हणून मी भांडायचे.

"तिला काय धाड भरलीय?" आई म्हणायची. "बऱ्या लेकराला औषध घालायचं आन् आजाऱ्याला न्हाई म्हनायचं व्हय?"

मला तिचा संताप यायचा. आजही येतो. ती दुष्ट असती तर सोपं झालं असतं. असल्या भल्या बाईशी भांडायचं तरी कसं?

पुडी संपली. वडिलांना सांगायचा तिला धीर झाला नाही. दिवाळीच्या सुमाराला उन्हाळी परतली आणि या खेपेला तापही उतरेना. नगरला नेलं तेव्हा बहिणीचं तोंड सुजलं होतं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांचं विचारलं. आईनं आळीतल्या पोरांची नावं एकेक करून सांगितली, आणि वडिलांना तेव्हा कळलं.

बहीण गेली. तिला घरातून नेलं तेव्हा सगळी आळी दारात उभी होती, पोरांसकट. कान वाहणारा तो पोरगाही होता, चांगला ठणठणीत. रडारड बघून तो घाबरला आणि माझ्या आईला बिलगला. आईनं सवयीनं त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं.

मला तो हात झटकून टाकावासा वाटला.