अक्का सात अंकांनी राहिल्या

माझ्या थोरल्या जाऊबाईंना घरात सगळेच अक्का म्हणतात. मी सांगलीत वाढले, लग्नानंतर नोकरीसाठी काही वर्षं बंगळूरला राहिले, आणि नवऱ्याला घरून काम करायची मुभा मिळाली तेव्हा मलकापूरजवळच्या सासरी कायमची आले. अक्का लग्न झाल्यापासून इथल्याच. थोरले दीर फौजेत असताना ऊस, म्हशी आणि घर त्यांनी एकटीनं ओढलं.

बंगळूरला ऑफिसच्या मागच्या बागेत मला डिस्क गोल्फची गोडी लागली होती. चेंडूच्या जागी प्लास्टिकची तबकडी, खड्ड्याच्या जागी खांबावर साखळ्या लावलेली टोपली. कमीत कमी फेकींत तबकडी टोपलीत घालायची, एवढाच खेळ. सासरी येताना तबकड्या बरोबर आणल्या आणि एका सकाळी आमच्या पडीक माळावर एकटीच फेकत बसले. अक्का म्हशी सोडायला आल्या होत्या. थोडा वेळ बघत उभ्या राहिल्या.

"आगं, ताट भिरकावल्यागत काय फेकतीयास? दे हिकडं."

पहिली फेक बाभळीत गेली. दुसरी बाभळीच्या डोक्यावरून सरळ बांधापर्यंत. अक्कांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "आन आजून."

दिरांना गंमत वाटली. त्यांनी मलकापुरातल्या वेल्डरकडून जुन्या साखळ्यांच्या टोपल्या करून घेतल्या आणि माळभर रोवल्या. सकाळी डेअरीला दूध घातलं की आम्ही दोघी माळावर. हरेल तिनं संध्याकाळच्या भाकरी थापायच्या, ही अट अक्कांची. त्या हिवाळ्यात बहुतेक भाकरी मीच थापल्या, आणि काठ जाड राहिले म्हणून बोलणीही खाल्ली. नवरा हसून म्हणायचा, एवढ्या वर्षांत तू स्वयंपाक शिकली नव्हतीस, तो या खेळानं शिकवला.

पुण्याजवळ एका शेतावर छोटी स्पर्धा होती, तिथं दोघींनी नावं दिली. मान्यताप्राप्त स्पर्धेत खेळलं की खेळाडूला रेटिंग मिळतं. प्रत्येक डावाला त्या दिवशीच्या खेळाप्रमाणे अंक पडतात आणि त्यांची सरासरी म्हणजे आपलं रेटिंग. आमच्या माळावर अक्का कितीही छान खेळल्या असतील, ते कुठंच धरलं जात नव्हतं.

सकाळच्या डावात अक्कांनी कमाल केली. पुण्याच्या मुली थांबून बघायला लागल्या. पण त्या दिवशी संकष्टी होती. चंद्र दिसेपर्यंत त्या पाण्याशिवाय काही घेत नाहीत. मी केळं पुढं केलं तर म्हणाल्या, "इतक्या वर्साचा उपास, खेळापायी मोडू व्हय?" दुपारच्या डावात उन्हानं त्यांना भोवळ आली. झाडाला टेकून, डोळ्यांवर पाणी मारून त्यांनी डाव पुरा केला, पण तबकडी कुठंही जायला लागली. अर्ध्यावर सोडून द्या म्हटलं तर ऐकलं नाही.

माझे दोन्ही डाव मधलेच झाले. ना चांगले, ना वाईट.

रेटिंग आलं तेव्हा माझं अक्कांपेक्षा वर होतं. खूप डाव खेळलेल्या खेळाडूचा एखादा फार वाईट डाव हिशेबातून वगळतात. अक्कांचे सगळे मिळून दोनच होते. वगळणार कुठून?

पुढं बंगळूरला व्यावसायिक स्पर्धा जाहीर झाली. महिलांच्या गटात यायचं तर किमान रेटिंगची अट होती. मी त्या रेषेच्या जेमतेम वर होते. अक्का सात अंकांनी खाली. अर्जांची मुदत संपायच्या आत दुसरी स्पर्धा नव्हती. मी आयोजकांना फोन केला, तो स्पीकरवर ठेवला होता.

"ताई, मला समजतंय," पलीकडची मुलगी म्हणाली, "पण एकीला सोडलं तर सगळ्यांना सोडावं लागेल. त्यांना चाळीशीपुढच्या गटात खेळता येईल. तिथं अट नाही. फक्त त्या गटात अजून कुणाचं नाव आलेलं नाही."

"म्हंजे मी एकलीच?" अक्का मध्येच म्हणाल्या. "मीच पयली आन मीच शेवटची? नगं बाई."

मी पुष्कळ समजावलं. मग म्हटलं, मीही जात नाही. त्यावर त्या चिडल्या. "तुजं नाव लागलंय नव्हं? मग जायाचं. मी पिशवी धरायला येते."

आणि खरंच आल्या. नव्या लुगड्यावर पांढरे बूट, डोक्याला दिरांची फौजेतली टोपी, खांद्यावर माझी तबकड्यांची पिशवी. दोन्ही दिवस माझ्या मागून चालल्या. कुठली तबकडी घ्यायची ते त्यांनाच आधी कळायचं. तळ्यावरून फेकायची जागा आली तेव्हा हळूच म्हणाल्या, "डावीकडून घाल, तळं आंगावर घेऊ नगंस." मी सरळ फेकली आणि ती तळ्यात गेली. अक्कांनी दुसरी तबकडी काढून हातात दिली. त्यांची बोटं मात्र माझ्या फेकीबरोबर हलली होती, ते मी पाहिलं.

मी शेवटून दुसरी आले. संध्याकाळी सगळ्या जणी सरावाच्या टोपलीभोवती हसतखेळत फेकत होत्या. मी म्हटलं, "अक्का, एक टाका की."

"हितं न्हाई," त्या म्हणाल्या आणि पिशवीची चेन लावून टाकली.

परत आल्यावर खेळ लगेच थांबला असं नाही. पण अक्का जिंकल्या तरी चिडवेनाशा झाल्या. मी जिंकले तर म्हणायच्या, "तू बंगळूरला खेळलेली." ते टोचून नव्हतं, खरंच तसं वाटून म्हणायच्या, आणि तेच मला जास्त लागायचं. माझा त्यात गुन्हा नव्हता. नियमही वाकडा नव्हता. पण ज्या माणसाकडून मी माळावर रोज हरत होते, त्यानं एका आकड्यावर विश्वास ठेवून स्वतःला माझ्याहून कमी मानलं, याची हळहळ अजून जात नाही. मग कधी म्हशीचं, कधी पाहुण्यांचं निमित्त निघू लागलं, आणि पावसाळ्यात माळ गवतानं झाकला गेला तो झाकलाच राहिला.

पुढच्या वर्षी आयोजकांकडच्या त्याच मुलीचा फोन आला. महिलांसाठीची रेटिंगची अट काढली होती, तुम्ही दोघी याच म्हणाली. मी धावत आत गेले. अक्का खाटेवर बसल्या होत्या आणि त्यांची सून वेणी घालून देत होती. काही आठवड्यांपासून उजवा खांदा आखडला होता. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता, सुटायला वर्षही लागेल म्हणाले होते.

मी बातमी सांगितली. अक्कांनी विचारलं, "अट चुकीची व्हती म्हनून काडली का?"

"नाही. बायकांची नावं कमी येतात म्हणून."

"आसं व्हय." मग सुनेला म्हणाल्या, "घट्ट घाल गं, सुटतीया."

मी त्या वर्षी नाव दिलं नाही. अक्कांनी आग्रहही केला नाही.

आता त्यांचा हात खांद्याच्या वर जातो. वेणी स्वतःची स्वतः घालतात. माळावर चला म्हटलं तर म्हणाल्या, "ऊस तुटू दे, मंग बघू." ऊस तुटला, कारखान्याला गेला, नवी लागणही झाली. मी पुन्हा विचारलं नाही.