फादरबाबांचा परवाना

फादर कॉनर गेल्याचे पत्र आयर्लंडहून पाथर्डीजवळच्या आमच्या गावातल्या चर्चमध्ये आले, तेव्हा ते मराठीत सांगायला मलाच बोलावले. मी शाळामास्तर, ऊसतोड मजुरांच्या युनियनची कागदपत्रे लिहिणारा. पत्रात छातीच्या आजाराचे नाव होते. मला मात्र त्यामागे माझेच नाव दिसत होते...

फादर तरुणपणी इकडे आले. इंग्रजांचे राज्य त्यांनी स्वतःच्या गावातही सोसले होते. बेचाळीसच्या चळवळीतल्या भूमिगतांना त्यांनी चर्चच्या धान्याच्या खोलीत लपवले. पुढे दर हंगामात ते आमच्या माणसांबरोबर कारखान्यावर जाऊन पाचटाच्या खोपीत राहू लागले. हक्काच्या मजुरीसाठी कोयता खाली ठेवायला त्यांनीच शिकवले. बायका त्यांना फादरबाबा म्हणत, आणि पोलीस आले की त्यांनाच पुढे करत.

"तुमाला कोन हात लावतंय, फादरबाबा? गोरं कातडं हाय तुमचं!" सखूबाई म्हणायची.

"अगं सखू, माझ्या बापाला धरून नेनारे बी गोरेच हुते की!"

सगळे हसत. मीही हसलो होतो.

गेल्या वर्षीच्या संपात फौजदाराने मला चौकीत बसवून विचारले, "उसाच्या गाड्या अडवायला कोणी सांगितलं, मास्तर?" सांगितले मीच होते, फादर त्या दिवशी गावात नव्हते. पण माझी नोकरी जाईल, आणि गोऱ्या माणसाला काय होणार आहे, असे मनाशी म्हणत मी त्यांचे नाव घेतले. जबाबावर सहीही केली. आम्ही त्यांना साहेब समजत होतो. कागदोपत्री ते परवान्यावर राहणारे परदेशी होते. तो परवाना पुन्हा मिळाला नाही. महिन्याभरात देश सोडायचा हुकूम आला.

ते निघाले त्या दिवशी एस.टी.च्या थांब्यावर मी कबुली द्यायला तोंड उघडले. ते हळूच म्हणाले, "जबाब मला दाखवलाय त्यांनी, मास्तर. युनियनची सभा तेवढी बंद पडू देऊ नका." त्यांनी मला माफ केले, की नुसते काम सांगितले... अजून ठरवता येत नाही.

पत्र वाचून झाल्यावर मी त्यांच्या खोलीत गेलो. टेबलाच्या खणात एक अर्ज होता, संपाच्या आधी भरलेला, भारताचे नागरिकत्व मागणारा. 'अर्जदाराच्या चारित्र्याची हमी देणारे' या ओळीखाली त्यांच्या तिरक्या मराठी अक्षरात दोन नावे होती. पहिले माझे. पुढे सहीपुरती जागा त्यांनी मोकळी सोडली होती.