कामाला न येणारं शिंकं

तासगावच्या शाळेत मी शिक्षिका होते तेव्हा, लढाईच्या दिवसांत, तालुक्याचं हस्तकला प्रदर्शन भरलं आणि याद्या माझ्याकडे आल्या. दोनच होत्या : उपयोगी वस्तू आणि कलावस्तू. निवडलेल्या वस्तू पुढे सांगलीच्या प्रदर्शनात जायच्या. उपयोगी वस्तू पोत्यात भरून, कलावस्तूंबरोबर मात्र करणारा माणूसही.

शाळेत पाणी भरणाऱ्या मावशींनी घायपाताच्या दोरीचं शिंकं आणलं. गाठी अशा की सुरुवात सापडू नये. मी ते पहिल्या यादीत लिहिलं.

"आवं बाई, दुसऱ्या यादीत घाला की."

कारण त्यांनी सरळ सांगितलं. लेक सांगलीला दिली होती. व्याह्यांशी बिनसलं, तेव्हापासून दोन वर्षं ते मुलीला माहेरी धाडत नव्हते, आणि बोलावल्याशिवाय त्यांच्या दारात जाणं मावशींना जमणारं नव्हतं. प्रदर्शन कुणाचंच घर नव्हतं.

मी नाव खोडून दुसरीकडे लिहिलं आणि सांगलीला जाणाऱ्या एका दुकानदाराबरोबर मुलीला निरोप धाडला.

निवड करायला साताऱ्याहून चित्रकलेचे मास्तर आले. त्यांचा नियम पक्का होता : कामाला येते ती वस्तू, येत नाही ती कला. त्यांनी शिंकं नाकाशी नेलं.

"याला ताकाचा वास येतोय."

"आमच्या घरात समद्यालाच येतो. मलाबी येत आसंल."

"यात काय ठेवता?"

"काय बी न्हाई."

"मग टांगता कशाला?"

"बगायला."

"आणि दही-दूध?"

"भुईवर."

"मांजर नाही का घरात?"

"हाय की. लय गुणाचं हाय."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी यादी तपासत होते. नियम त्यांचाच होता. त्यांना सही करावी लागली. कलेची माझी व्याख्या तेव्हा नव्हती, आजही नाही. याद्या वेळेवर गेल्या.

सांगलीत मावशी शिंक्याखाली सतरंजीवर बसल्या. दुपारी मुलगी शेजारणींबरोबर आली आणि वर बघून थबकली.

"आये, हे तर आपलं दह्याचं—"

"गप. हिकडं बघ. किती वाळलीस गं!"

तेवढ्यात कोट घातलेले एक गृहस्थ वही उघडून पुढे आले. "या कलेबद्दल चार शब्द सांगाल का?"

"थांबा वो जरा," मावशी म्हणाल्या. "लेक बोलतीया."

ते थांबले. बराच वेळ थांबले.